साहेब येणार नाहीत ती तारीख

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण साधी नव्हे; हातांची. हा फरक तुम्हाला लहान वाटेल. ज्याला बिनहातांच्या बाकावर बसून मोठ्या माणसाचे भाषण शेवटपर्यंत ऐकावे लागले आहे, त्याला विचारा.

माझा जन्म वसईजवळच्या गास गावातला. प्लासिडबाबांच्या वाडीतला एक फणस वाऱ्याने पडला. सुतार ॲन्सेल्म म्हणाला, "बाबा, झकास पलंग होईल." बाबा म्हणाले, "पलंग केलास तर मी झोपेन. खुर्ची कर. आणि हात असे रुंद कर, की चहाचा कप ठेवता आला पाहिजे." ॲन्सेल्मने ते इतके मनावर घेतले, की कपाशेजारी बशी आणि बशीशेजारी पाव, असे सगळे माझ्या एका हातावर मावू लागले. बैठक वेताने विणली. नवी होते तेव्हा मी हळदीसारखी पिवळी होते. पुढे वापराने काळपट तांबूस झाले.

त्या वेळी गावात हातांची खुर्ची मी एकटीच. त्यामुळे मी बाबांची कमी आणि गावाची जास्त झाले. लग्नात व्याही माझ्यावर, गावभेटीला आलेले फादर माझ्यावर, शाळा तपासायला आलेले साहेबही माझ्यावरच. मला न्यायला ग्रामपंचायतीचा कॉन्रॅड यायचा. कॉन्रॅडला सभेत बोलता येत नसे, पण सभा भरवायची त्याला भारी हौस. तो मला उलटी करून डोक्यावर घ्यायचा आणि चालू लागायचा. माझे चार पाय आभाळाकडे दिसले, की बायका विहिरीवरूनच विचारायच्या, "आज कोण रे?"

अशा रीतीने मी पुष्कळ माणसे पाहिली. पाहिली म्हणजे पेलली. माझी एक समजूत झाली आहे, ती तुम्हाला सांगून ठेवते. जो काठावर बसतो, त्याला काही मागायचे असते. जो बसल्या बसल्या मागे रेलतो, त्याला काही द्यायचे नसते. आणि जो माझ्या हातावर बोटे वाजवत बसतो, त्याच्या गाडीचे इंजिन बाहेर चालूच असते. सरकारी माणसे बहुतेक रेलतात.

बाबा गेल्यावर मी त्यांच्या मुलीकडे, रोझमेरीबाईंकडे आले. बाई गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. अर्धे गाव त्यांच्याकडून कान पिळून घेऊन मोठे झालेले. त्यात कॉन्रॅडही आला. बाईंचा नियम एकच: खुर्ची त्याच संध्याकाळी, पुसून, परत. "वापरायला दिली म्हणजे दान केली नाही," असे त्या कॉन्रॅडला दर वेळी ऐकवायच्या, आणि तो दर वेळी मान खाली घालून "होय बाई" म्हणायचा.

बाईंच्या वाडीत नर्मदा कामाला होती. केळीला पाणी, मोगऱ्याची तोड, सगळे तीच बघे. तिचा नवरा विठ्ठल दुसऱ्या एका वाडीत रात्रीचा राखणदार होता. एके दिवशी तिथला पाण्याचा पंप नाहीसा झाला आणि पोलिसांनी विठ्ठलला नेले. मित्रांनो, चोरी त्याने केली की नाही, हे मला माहीत नाही. गंमत अशी, की ते कोणालाच माहीत नाही, कारण खटला चाललाच नाही.

विठ्ठल जिल्ह्याच्या तुरुंगात आणि खटला तालुक्याच्या कोर्टात. तारीख पडली, की पोलिसांनी त्याला तुरुंगातून कोर्टात आणायचे. नर्मदा दर तारखेला धुतलेले लुगडे नेसून एसटीने कोर्टात जायची. परत आली, की ओट्यावर माझ्या पायांशी बसायची.

"आनला नाय, बाई."

"का?"

"पोलीस नाय मिळाले म्हनतात आनायला."

"मिळाले नाहीत?" बाई म्हणायच्या. "पोलीस म्हणजे काय मे महिन्यातलं विहिरीचं पाणी आहे?"

बाई जामीन राहायलाही तयार होत्या. त्यांना सांगण्यात आले, आधी आरोपी कोर्टापुढे येऊ दे, मग बघू. आरोपी आला नाही. नवी तारीख आली. तिचीही जुनी तारीख झाली. असे करता करता तीन वर्षे उलटून गेली. त्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांचीच होती. म्हणजे विठ्ठल चोर ठरला असता, तर एव्हाना सुटून घरी आला असता. तो चोर ठरला नव्हता, म्हणून आत होता. मी लाकडाची, मला अक्कल कमी. पण हे ऐकून माझा वेतसुद्धा करकरला.

मग १९८१ सालचा डिसेंबर आला. घरोघरी नाताळची साफसफाई चालली होती, आणि कॉन्रॅड धापा टाकत अंगणात आला.

"बाई, खुर्ची! मंत्रीसाहेब येतायत. आपल्या गासला!"

"काय घेऊन येतायत?"

"गरिबांना फुकट कायद्याचा सल्ला मिळणार, त्या योजनेचं उद्घाटन. वकील सरकार देणार."

"वा," बाई म्हणाल्या. "आणि पोलीस?"

कॉन्रॅडला त्यातले काही समजले नाही. तो मला डोक्यावर घेऊन पळाला.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. मला मधोमध ठेवले, आजूबाजूला शाळेच्या बिनहातांच्या खुर्च्या. आणि मित्रांनो, काय तो बंदोबस्त! फाटकाशी पोलीस, मांडवाच्या खांबाखांबाशी पोलीस, विहिरीशी पोलीस. आंब्याखाली दोघे उगाच उभे होते, त्यांना बहुधा आंब्यावरच लक्ष ठेवायला सांगितले असावे. गासमध्ये कधी कोंबडी चोरीला गेली तर बोभाटा होतो, असे हे गाव.

साहेब आले. बसले. रेलले.

ते वाईट नव्हते हो. बोललेही गोड. "न्याय आता गरिबाच्या उंबऱ्याशी येणार आहे," ते म्हणाले. "पैसा नाही म्हणून या राज्यात कुणी तुरुंगात खितपत पडणार नाही, हा माझा शब्द आहे." टाळ्या झाल्या. कॉन्रॅडने सर्वांत आधी वाजवल्या. साहेब पुन्हा माझ्यावर बसले आणि हार गुडघ्यावर ठेवून पुढच्या वक्त्याचे ऐकू लागले.

इतक्यात फाटकाशी गडबड झाली. नर्मदा आली होती, धुतलेल्या लुगड्यात. त्या दिवशी विठ्ठलची तारीख होती. हवालदार तिला आत सोडेना. बायकांच्या पहिल्या रांगेतून रोझमेरीबाई उठल्या, त्यांनी हवालदाराकडे वर्गातल्या मुलाकडे बघावे तसे बघितले, आणि तो बाजूला झाला.

"काय झालं?"

"आनला नाय. आज पन पोलीस नाय मिळाले." एवढे बोलून नर्मदाने मान वर केली. फाटक पाहिले, खांब पाहिले, आंबा पाहिला. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, सगळे हितंच हायत की."

बाईंनी नर्मदाचा हात धरला आणि दोघी सरळ मंचावर चढल्या. कॉन्रॅड आडवा आला, पण "कॉन्रॅड, बस खाली," एवढ्यावर तो बसला, आणि जिथे होता तिथेच, जमिनीवर बसला.

"साहेब, जरा उठता का?" बाई म्हणाल्या. "ही खुर्ची माझी आहे. मला पाहुणी बसवायची आहे."

माझ्या बैठकीला धक्का जाणवला. इतक्या वर्षांत माझ्यावर बसलेल्या माणसाला कोणी ऊठ म्हटले नव्हते. साहेबांना मात्र वाटले, म्हातारीचा मान राखायची बरी संधी आहे. ते हसत उठले, हात जोडले, "बसा, माताजी," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने फोटो काढला. बाई बसल्या नाहीत. त्यांनी नर्मदाला बसवले. ती काठावर बसली, एवढीशी, आणि दोन्ही हातांनी माझे हात घट्ट धरले. तिचे तळवे गार होते. टाळ्या मध्येच थांबल्या.

"हिचा नवरा तीन वर्षांहून जास्त आत आहे," बाई म्हणाल्या. त्यांना माइक लागत नसे. "खटला चालत नाही, कारण त्याला कोर्टात आणत नाहीत. आज तारीख होती. आपण आत्ता शब्द दिलात, म्हणून विचारते. का आणलं नाही?"

साहेब मागे वळले. मंचाखाली फौजदार उभे होते.

"काय हो, का आणलं नाही?"

"साहेब... माणसं कमी आहेत."

"आज कुठे होती माणसं?"

फौजदारांनी घाम पुसला. खोटे बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून ते खरे बोलले. "साहेब, आज इथे. आपल्या बंदोबस्ताला."

कोणी हसले नाही. मला वाटले होते, कोणीतरी हसेल.

"मागच्या तारखेला?"

"पुलाचं उद्घाटन होतं साहेब. आपणच आला होतात."

"आणि त्याच्या आधी?"

"मच्छीमार मेळावा, साहेब." फौजदार खाली बघून म्हणाले. "त्यालाही आपणच."

मित्रांनो, आंब्याखालच्या दोघा पोलिसांनीही माना खाली घातल्या. साहेबांचा हात मागे गेला, बसायला माझा आधार शोधत. तिथे नर्मदा होती. ते उभेच राहिले. त्यांच्या तोंडावर मी जे पाहिले, तो राग नव्हता. आपल्याच सावलीखाली माणूस दबला आहे आणि आपल्याला पत्ता नाही, असे कळल्यावर जसा चेहरा होईल, तसा तो होता.

आणि मग नर्मदा बोलली. ओरडून नव्हे, दुकानात भाव विचारावा तशी.

"साहेब, तुमी कधी येनार नाय, ते सांगून ठेवा. मी त्या दिवसाची तारीख मागून घेते."

तेवढेच. पण मला वाटले, ॲन्सेल्मने मारलेल्या माझ्या सगळ्या पाचरी एकदम निसटणार.

साहेबांनी योजनेचा नारळ फोडला नाही. फौजदारांना म्हणाले, "माझी एक जीप घ्या. हे फाटकावरचे सगळे घेऊन जा. उद्या सकाळी तो माणूस कोर्टात दिसला पाहिजे." बाई म्हणाल्या, "उद्या मी तिथे असेन." मग म्हणाल्या, "आणि बाकीचे, साहेब? त्या तुरुंगात असा हा एकटाच आहे का?" साहेब म्हणाले, "चौकशी करतो." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी विठ्ठल खरोखर कोर्टात उभा राहिला. न्यायाधीशांनी विचारले, किती दिवस आत आहे. उत्तर ऐकून त्यांनी चष्मा काढला, म्हणे, आणि बराच वेळ पुन्हा घातलाच नाही. शिक्षेपेक्षा जास्त काळ भोगून झाला होता, सोडून दिला. चोरी केली की नाही, हे शेवटपर्यंत ठरले नाही.

त्याच दुपारी नर्मदा त्याला बाईंकडे घेऊन आली. बाईंनी आग्रहाने माझ्यावर बसवले. चहा झाला, पाव झाला. नर्मदा लगबगीने घरी चूल पेटवायला गेली, बाई आत-बाहेर करत राहिल्या. विठ्ठल दोन्ही पाय जुळवून, पाठ ताठ ठेवून बसला होता. माझ्या हातांना त्याने हात लावला नाही. ऊन ओट्यावरून उतरले, केळीच्या मागे गेले. तरी तो बसूनच.

"विठ्ठल, अरे घरी जायचं नाही का? नर्मदा वाट बघत असेल."

तो दचकला. उभा मात्र राहिला नाही.

"बाई," त्याने विचारले, "उठू?"

बाई दारातच थांबल्या. शाळेत आयुष्य गेले त्यांचे. "उठू का" हे त्यांनी हजार मुलांकडून ऐकले असेल. त्या दिवशी मात्र त्या खाली वाकल्या, त्याच्या दंडाला धरून त्याला उभे केले आणि फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला बोलता येत नाही याचे बरे वाटले.

त्या घटनेने माझा मोठा बोलबाला झाला. नालासोपाऱ्याहून, माणिकपूरहून माणसे मला बघायला यायची. "हीच का ती?" म्हणायची, बसून बघायची, आणि उगाच रेलायची.

पण सरकारही शिकते बरे, मित्रांनो. पुढच्या सभेला कॉन्रॅड मला न्यायला आला नाही. मांडववाल्याकडून घडीच्या, पत्र्याच्या खुर्च्या आल्या, सगळ्या सारख्या. वरून तसा निरोपच होता, असे कॉन्रॅड पुढे बाईंना सांगून गेला, डोळे चुकवत. पत्र्याच्या खुर्चीला घर नाही, मालकीण नाही. तिच्यावर बसलेल्याला "ही माझी आहे, उठा" असे कोण म्हणणार? मी ओट्याच्या कोपऱ्यात गेले. वेत फाटला. माझ्यावर आता मोगऱ्याची टोपली ठेवतात.

त्याचे मला फारसे दुःख नाही. मला दुसरेच आठवते. तुरुंगातल्या बाकीच्यांबद्दल साहेबांची चौकशी काही आली नाही. नर्मदा आणि बाई मात्र आजही कोर्टात जातात, ज्यांच्या घरचे कोणी येत नाही अशांच्या तारखेला. बाकावर बसतात आणि नाव पुकारले, की विचारतात, "आणला का?" कारकून त्यांना कंटाळला आहे. कधी कधी, केवळ या दोघी बसल्या आहेत म्हणून, माणूस आणला जातो.

म्हणून, मित्रांनो, माझा वेत बदला असे मी म्हणत नाही. बदललात तर उपकार होतील. पण मांडवात जाल तेव्हा त्या पत्र्याच्या खुर्चीकडे नीट बघा. तिच्यावर कोणाचे नाव नाही, याचा अर्थ ती बसलेल्याची आहे असा होत नाही. ती तुमची आहे. तुम्ही तिथे गेलात, म्हणून ती मांडली गेली. बसलेला माणूस गोड बोलत असेल, तर गोडच विचारा. पण विचारा. आणि उत्तर येईपर्यंत त्याला पुन्हा बसू देऊ नका.