अर्धी चावी

आगरदांड्याच्या धक्क्यावर नळ आला आणि डोंगरातल्या टाकीखालची चावी विठोबाच्या ताब्यात गेली. गडी असा काही फुगला की विचारू नका! चावी म्हणजे पाणी सोडायचं लोखंडी चाक. ते त्यानं कधी पुरतं उघडलं असेल तर शपथ. कायम अर्धंच. "गावाचं पाणी जपतोय मी," असं येताजाता ऐकवायचा.

खाली नळाला मात्र करंगळीएवढी धार. बायका हंडे घेऊन ताटकळायच्या. त्यात शिमगा झाला आणि चावीतून आवाज यायला लागला, आत कोणी मूठभर खडे खुळखुळवावेत तसा. विठोबानं डोकं चालवलं. शिमग्याआधी टाकीतला गाळ कोणी काढला? राहीकाकीनं. मग खडे पाइपात कोणी ढकलले? तिनंच, दुसरं कोण! सकाळी भर रांगेत त्यानं तिचा हंडा पालथा केला.

"खडे घालतेस वर, आणि पाणी मागतेस खाली? तुला हा नळ बंद!"

"हातानं उपसलाय गाळ मी," काकी म्हणाली. "एक खडा न्हाय ठेवला."

ऐकतो कोण? आईच्या वयाची बाई ती. तेव्हापासून टेकाडापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायची, आणि विठोबा ते रोज बघायचा.

दोन महिन्यांनी मुंबईहून दयाराम फिटर चावी खोलायला आला. खडे काढून गावाला दाखवायचे म्हणून विठोबानं घमेलंसुद्धा नेलं होतं. चावी खोलली. खडा एकही नाही. पाणी अडवणारी आतली लोखंडी पाटी मात्र वाळवी लागल्यागत खड्ड्याखड्ड्यांनी पोखरलेली.

"अर्धी ठेवतोस होय?" दयारामनं विचारलं. "अरे, पाण्याचा गळा असा आवळलास तर ते फटीतून सुसाट धावतं, त्यात बुडबुडे होतात आणि पुढं जाऊन फुटतात. प्रत्येक बुडबुडा लोखंडावर टोला हाणतो. तोच तुझा खड्यांचा आवाज. डोंगरावरून आलेला जोर इथंच वाया जातो, खाली काय पोचणार, कपाळ? ही सताड उघडी ठेव. कमी करायचंच तर खाली आणखी एक चावी बसवतो. आवळणं दोघींवर थोडं थोडं वाटून दे."

विठोबा रिकाम्या घमेल्याकडे बघत राहिला. ते घमेलं कुठं लपवावं तेच त्याला कळेना.

संध्याकाळी तो काकीच्या दारात गेला. "काकी, चुकलो. खडं नव्हतं."

"मला काय सांगतोस? मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "ज्यांच्या म्होरं हंडा पालथा केलास, त्यांना सांग."

नवी पाटी आणि खालची चावी बसली त्या सकाळी त्यानं काकीचा हंडा रांगेत पहिला ठेवला आणि नळ सोडला. बाप रे, काय तो जोर! हंडा नुसता दणाणला. त्या दणदणाटातच मान खाली घालून त्यानं सांगून टाकलं.

"काय म्हनतोस रं?" मागून केसरनं, त्याच्याच बायकोनं, ओरडून विचारलं. "ऐकू न्हाय आलं!"

आपण बोललो, सुटलो, असं म्हणून निघून जावं असं त्याला फार वाटलं. काकी त्याच्याकडे बघत होती. त्यानं हात पुढं केला आणि नळ बंद केला. धक्क्यावर सगळं गप्प झालं.

"काकीनं खडं न्हाय टाकलं," तो म्हणाला. आवाज फाटला, तरी तो बोलत राहिला. "खडं नव्हतंच. चावी मी नासवली. हंडा उगाच पालथा केला."

"आता सोड पाणी," काकी म्हणाली.