खरवडलेलं तोंड

मी एका चित्रकारानं रंगवलेला चेहरा बोलतोय. त्यानं एकोणिसाव्या वर्षी काढलेलं पहिलं चित्र. खरं सांगू? आताशा माझी मलाच शिसारी येते.

माझा जन्म प्लायवूडच्या फळीवर झाला. त्याचा मोठा भाऊ तापाचं निमित्त होऊन गेला, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते. घरात भावाचा धड फोटो नव्हता. होता त्यात तो हललेला. आई म्हणाली, "तुम्ही दोघं एकसारखे दिसता. तुझ्यात बघून त्याला काढ ना रे."

तो आरशासमोर बसला. डोळे जमले, नाक जमलं. ओठांशी येऊन गाडं अडलं. भाऊ हसायचा कसा, तेच आठवेना. चार दिवस काढत-पुसत राहिला. शेवटी रंगाच्या सुरीनं तोंड पार खरवडून टाकलं, खालचं लाकूड दिसेपर्यंत. मग फळीवर कपाळ टेकून रडला. ते रडणं खरं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. एका कलादालनाच्या मालकानं मला पाहिलं. मिठाई बघावी तसा बघत म्हणाला, "वा! तोंड नसलेलं दुःख! असलीच आणखी वीस काढा."

आणि यानं काढली! परक्या माणसांना समोर बसवायचं, छान ओठ रंगवायचे आणि शीळ घालत ते खरवडायचे. किळस आली मला.

प्रदर्शनाला आई आली. सरबताचे पेले घेतलेली माणसं माझ्यासमोर "काय वेदना आहे!" करत होती. त्यांच्यातून वाट काढत ती पुढे आली आणि थबकली.

"हा आपला मोठाच ना? मग तोंड कुठाय त्याचं?"

"आई, हळू बोल. ती माझी शैली आहे."

"कसली शैली? अरे, हसला की त्याचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा. ओठाखाली तीळ होता. मला विचारायचंस की!"

त्याचा चेहरा पडला. पण तेवढ्यात मालक एका वकीलसाहेबांना घेऊन आला, आणि हा लगेच हसून हात जोडता झाला. आई एकटीच जिना उतरून गेली.

आता मी त्या वकीलसाहेबांच्या बैठकीत आहे, सोफ्याच्या रंगाला शोभतो म्हणून. येणारे-जाणारे मान डोलावतात. नका डोलावू. त्या पोराला फक्त निरोप द्या: आईला घेऊन ये, ती सांगेल तसे ओठ काढ. चित्र बिघडलं तर बिघडू दे.