जाऊबाईंच्या मुलाचे कागद

धारवाल्याच्या दुकानात त्या दिवशी नेहमीचाच खडखडाट चालला होता. नवरा चाकावर कात्र्या धरत होता, बायको चिंधी कापून धार बघत होती. नऊ वर्षांची थोरली शाळेतून आली. तिचं तोंड कधी मिटायचं नाही म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. आज ती न बोलता कोपऱ्यात आडवी झाली. आईने कपाळाला हात लावला, तर अंग तापलं होतं.

ताप उतरेना तसं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला औषधाचा त्रास झालाय कधी?"

"छे! आमच्यात सगळे ठणठणीत," सासरे म्हणाले.

आईला जाऊबाईंचा मुलगा आठवला. पण तो काविळीने गेला असं सांगितलं होतं, आणि सासऱ्यांपुढे बोलायची तिला सवय नव्हती. ती गप्प बसली. गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी पोरीला काळी लघवी झाली, डोळे पिवळे पडले. संध्याकाळी टकळी गेली.

"ही गोळी हजारोंना चालते," डॉक्टरीणबाई कशाबशा म्हणाल्या. "काहींच्या रक्तातल्या पेशी मात्र तिने फुटतात. गोळीची चाचणी झाली तेव्हा तीत तुमच्या समाजाचं एकही माणूस नव्हतं. तुमच्यात हे आहे हे माहीत असतं, तर आधी रक्त तपासलं असतं."

सासरे उसळले. "कशाला यायचं आम्ही? माझ्या लहानपणी रक्त नेलंत आणि पेपरात छापलंत, या लोकांचं रक्तच खराब! दहा वर्षं आमच्या पोरींना स्थळं येईनात."

"ती चूक आमचीच," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

म्हातारा खोटं बोलत नव्हता. पण त्या भीतीपोटी या दोनतीनशे घरांनी एक रीत पाडली होती: कुणी आजाराने गेलं की दवाखान्याचे कागद फाडून टाकायचे. मुलींच्या लग्नाची एवढी काळजी! मुलगी लग्नाच्या वयापर्यंत जगेल का, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

घरी सासऱ्यांनी हात पुढे केला. "फाइल दे. धाकटीचं लग्न व्हायचंय."

"मामंजी, जाऊबाईंच्या मुलाचे कागद मी याच हातांनी फाडले. न वाचता. तुम्ही म्हणालात, टकळीच्या लग्नासाठी."

दारातून जाऊबाईंचा आवाज आला. "त्यालाही काळीच लघवी झाली होती गं."

आईने फाइल छातीशी धरली. "ही मी देणार नाही."

सकाळी त्या दोघी जावा धाकटीला घेऊन दवाखान्यात उभ्या होत्या. "रक्त घ्या, कागद घ्या," आई म्हणाली. "पण जे कळेल ते आधी आम्हाला सांगायचं. आणि आम्हाला विचारल्याशिवाय समाजाचं नाव कुठेही छापायचं नाही." डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून खाली सही केली.

आठ दिवसांनी निकाल आला. धाकटीलाही ती गोळी चालणार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कार्डावर लाल शाईने तसं लिहिलं आणि म्हणाल्या, "हिचं वेळेवर कळलं."

आईने कार्ड हातात घेतलं. रडू आवरत म्हणाली, "तिचंही कळलं असतं, बाई."