आधीचं नाव

समीक्षाचं पत्र गणपतीच्या आधी आलं होतं. दिवाळी तोंडावर आली तरी गंगारामभाऊंनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या या जुन्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, 'आरे-वारेच्या वरच्या कातळसड्यावरची ती बोटभर वनस्पती नवीनच जात ठरली, सर. ती पहिल्यांदा काकूंना दिसली, म्हणून तिला दमयंती हे नाव द्यावं म्हणते. एकदा छापलं की बदलता येत नाही. तेव्हा काकूंना विचारून कळवा.'

काकूंना विचारून! इथेच तर सगळं अडलं होतं.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात भाऊंचा जन्म गेला, पण बायकोला नावाने हाक मारायला जीभ कधी रेटली नाही. 'अगो' म्हटलं की भागत असे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'दमयंती' मात्र त्यांनीच लिहिलं होतं. माहेरची हौसा त्या दिवशी मागे पडली. आणि आता तिला काहीच आठवेनासं झालं होतं.

एका सकाळी धीर करून ते तिच्यासमोर बसले.

"अगो, एका रोपाला दमयंतीचं नाव द्यायचं म्हणतायत. देऊ काय?"

"कोण दमयंती?"

"तू."

ती खुदकन हसली. "मी कशाला? तिचं नाव, तिलाच विचारा. बरी बाई असली तर नाही म्हणायची नाही."

तिला सांभाळायला येणारी तुळसा दाराशी तांदूळ निवडत होती. "भाऊ, त्या नावाला त्या ओ देत नाहीत. माहेरून, पालीहून त्यांचे भाऊ येतात, 'हौसे' म्हणतात, तेव्हा बघा कशा वळतात! तुम्ही मारा की हाक. या वयात नव्या नवऱ्यासारखे लाजताय काय?"

भाऊंनी घसा खाकरला. "हौसा."

तिने चटकन वर पाहिलं. "ओ! तुम्ही पालीचे काय? कुणाचे हो?"

 भाऊंचा संसार झाला तो दमयंतीशी. या हौसाच्या लेखी ते कुणीच नव्हते.

एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं खरं, नंतरचं कितीही रुळलेलं असलं तरी बाद, असं ते वर्गात ठासून सांगत. रुळलेलं का टाकायचं, असं पोरं विचारत, तेव्हा त्यांना हसू येई.

दुपारी ते लिहायला बसले. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं:

'चि. समीक्षा, परवानगी मिळाली नाही, आता मिळणारही नाही. तिचं आधीचं नाव हौसा. त्याला ती ओ देते, म्हणून तेच द्या. मी योग्य करतो आहे की नाही, मला कळत नाही.'

पुन्हा वाचलं तर हेही फाडू, या भीतीने त्यांनी पाकीट तसंच चिकटवलं, चपला सरकवल्या आणि नाक्यावरच्या पेटीत टाकून आले.