घरात आधी कुणाला?

वाळवंटातल्या निर्वासित छावणीच्या दवाखान्यात डॉक्टर मिन्नातू कागद भरत होती. समोर एम्बारका, तिच्या मांडीवर चार वर्षांची सुकेना, शेजारी सासू लालिया. तपासणीचा निकाल आला होता. पोरीच्या आतड्याला गहू सोसत नव्हता. पश्चिम सहारातून परागंदा झालेल्या आमच्या सहरावी लोकांत हे दुखणं फार, म्हणून परदेशी संशोधक येतात, रक्त घेऊन जातात. आणि मदतीच्या ट्रकमधून वर्षानुवर्षं आम्हाला येतं काय, तर गव्हाचं पीठ! नशिबानं थट्टा करावी तरी किती?

"एखादी गोळी-बिळी दे की," लालिया म्हणाली.

"गोळीवर तिकडे परदेशात काम चाललंय, खाला. आपल्या हातात अजून काही नाही. तोवर गहू बंद, हेच औषध. तांदळाचं पीठ देते."

"म्हणजे माझ्या नातीनं सगळ्यांच्या परातीत हात घालायचा नाही? वाळीत टाकल्यागत?"

"नाही घालायचा."

मग डॉक्टर एम्बारकाकडे वळली. "घरात आधी कुणाला होतं? हिच्या भावंडांत?"

"नाही," एम्बारका घाईनं म्हणाली.

"नीट आठव. असेल तर तुझ्या तान्ह्यालाही तपासायला हवं. त्याला अजून रोटी सुरू केली नाहीस ना?"

लालियानं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "सांग ग बाई. तान्ह्यासाठी तरी सांग."

"मुलगा होता, देइदा," एम्बारका म्हणाली. "ही झाली त्या वर्षी गेला. पोट टम्म फुगलेलं, हातापायांच्या काड्या. वाळत चालला तशी मी जास्त भरवायचे. माझ्या वाटणीची रोटीसुद्धा त्यालाच." तिनं डॉक्टरकडे पाहिलं. "गहू दिला नसता, तर जगला असता?"

मिन्नातूला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक जगला असता," ती म्हणाली. "पण तुला कुणी सांगितलंच नव्हतं, एम्बारका."

"मीच म्हणायचे, भरव त्याला," लालिया पुटपुटली, आणि तिनं पदरात तोंड लपवलं.

एवढ्यात सुकेनानं आईच्या पिशवीतून रोटीचा तुकडा काढला. एम्बारकानं तो हिसकावून घेतला. पोरीनं भोकाड पसरलं, "भूक लागलीय! दे ना!"

देइदानं कधी मागितली नव्हती. शेवटी शेवटी तो मान फिरवून दात घट्ट आवळायचा. "नको आई, दुखतं," म्हणायचा. आणि ती त्याचे गाल दाबून, तोंड उघडून घास आत सारायची.