सात नंबरची विहीर

सात नंबरची विहीर काही सापडेना, तेव्हा व्हर्ना कोचिशने तिथेच डांबरावर बसकण मारली. वय एकोणसाठ, गुडघे त्याहून म्हातारे. अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पूर्वेकडच्या या हंगेरियन वस्तीत ती बावीस वर्षं, वर्षातून दोनदा पाण्याचे नमुने घ्यायला येत होती. चर्चच्या मागे आता नुसतं गवत आणि तारेचं कुंपण. पूर्वी तिथे मोटारींच्या बंपरना क्रोमचा मुलामा देणारा कारखाना होता. तो पाडून चाळीस वर्षं झाली, पण त्याने जमिनीत सोडलेलं विष खालच्या पाण्यातून अजून सरकतच होतं. ते कुठवर आलं हे पाहायला सरकारने आजूबाजूला अकरा विहिरी पाडल्या होत्या. विहिरी म्हणजे काय, तर मनगटाएवढ्या नळ्या आणि वर ताटलीएवढं लोखंडी झाकण. लोक त्यांवरून गाड्या नेत, कुत्री फिरवत. खाली काय आहे, कुणी विचारत नसे.

सकाळपासून दहा झाकणं उघडून झाली होती. सातवं चर्चच्या गाडीतळात होतं, आणि गाडीतळावर या उन्हाळ्यात नवंकोरं डांबर पडलं होतं. धातू शोधायचं यंत्र फिरवावं तर ते जागोजागी कोकलत होतं. खाली जुन्या फरशीतल्या सळया असणार.

सरकारने हे काम दिलेल्या कंपनीत तिने ट्रॉयला, आपल्या साहेबाला फोन लावला.

"नाही ना सापडत? मग 'हरवली' असं लिही आणि नीघ," तो म्हणाला. "बाकी दहांचे विषाचे आकडे केव्हाच मर्यादेत आलेत. नडतेय ती ही सातवीच. ती नसेल तर फाईल बंद. सरकार सुटलं, आपणही सुटलो."

"आणि पाणी?"

"व्हर्ना, दमलीयेस तू. घरी जा."

दमली तर ती होतीच. तिने कागद मांडीवर घेतला आणि सातच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"डांबर उबवतेयस का, पोरी?"

झाडू घेऊन इम्रे बालोग उभा होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, चर्चची झाडलोट करणारा. वस्तीत सगळे त्याला बाची म्हणत. त्यांच्याकडे काकाला तसंच म्हणतात.

"सातवी गिळली तुमच्या डांबराने, इम्रे-बाची."

"गिळेल कशी? इथे आहे." त्याने चार पावलं टाकली आणि झाडूचा दांडा आपटला. "कारखान्याचं मागचं फाटक इथेच होतं, झाकण त्याच्यासमोरच."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी तिथे होतो की. एकोणीस वर्षांचा." तो खाली बघत बोलत होता. "दर शुक्रवारी लोखंडाचं ग्रीस धुतलेलं रसायनाचं पाणी बादल्यांनी इथे ओतायचो. गोडसर वास यायचा त्याला. हाताचं ग्रीससुद्धा त्यानेच काढायचो. मुकादम म्हणायचा, ओत बिनधास्त, जमीन पिऊन टाकते."

व्हर्नाला राग यायला हवा होता. पण तेवढं त्राण नव्हतं.

"बावीस वर्षं बघताय मला. बोलला का नाहीत?"

"तू कधी विचारलंस? तू झाकणं उघडायचीस, मी पालापाचोळा झाडायचो." झाडू खाली ठेवत तो म्हणाला, "आणि काय सांगणार होतो? मीच ओतलं म्हणून?"

तो गेला आणि कुदळ घेऊन आला.

"फादर ओरडतील हो."

"ओरडू देत. माझ्या नातवाच्या वयाचे आहेत."

दोघांनी आळीपाळीने कुदळ चालवली. दहा घाव घातले की तो धापा टाकायचा, सहा घातले की ती. तिसऱ्या खड्ड्यात लोखंड वाजलं. व्हर्नाने झाकण काढलं, नळी सोडली, बारका पंप लावला आणि काचेच्या इवल्याशा कुप्या काठोकाठ भरल्या. बूच लावून प्रत्येक कुपी उलटी केली, टिचकी मारून पाहिली. एकीत बुडबुडा दिसला; त्या हवेत विष उडून जातं आणि आकडा खोटा येतो. ती तिने टाकून दिली आणि नवी भरली.

"स्वच्छ दिसतंय की," इम्रे म्हणाला.

"दिसतं स्वच्छच."

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा आकडा आला. चव्वेचाळीस. वसंतात एक्केचाळीस होता. मर्यादा पाचची. फाईल उघडीच राहिली.

आकडा ती पत्राने कळवू शकली असती, पण स्वतः गेली. इम्रे चर्चच्या स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत खिमा भरत बसला होता. फादर आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. मग त्यांनीच माणूस बोलावून झाकणाभोवती नीट चौकट करून घेतली होती.

"वाढला?" त्याने विचारलं.

"थोडा."

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला. "मी असेपर्यंत काही हे संपत नाही."

"मी असेपर्यंतही नाही. बाची, एक विचारू? हिवाळ्यात काय करायचात? फाटकापाशी तर बर्फ साचत असेल."

"हिवाळ्यात कोण जातंय तिथवर! तेव्हा कारखान्याच्या शाळेकडच्या भिंतीशी ओतायचो. तिथे वाफेचा पाइप होता, जमीन गोठायची नाही."

व्हर्नाने पिशवीतून नकाशा काढून टेबलावर पसरला. शाळेच्या बाजूला एकही विहीर नव्हती. बावीस वर्षं तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली. नकाशा त्याच्याकडे वळवून धरला. त्याने भिंतीलगत फुली मारली, विचार केला आणि त्या फुलीशेजारी आणखी एक मारली.

"बस आता," तो म्हणाला. "उभी काय राहतेस? खाऊन जा."

ती खुर्चीत बसली. दोन्ही पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले.

"आधी कॉफी द्या," ती म्हणाली. "काळी. मग सगळ्या हिवाळ्यांचं सांगा."