आईने पसंत केलेला ॲम्प्लिफायर

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, पण अडगळीत पडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यासारख्यांनी तोंड उघडलं की तुम्ही लगेच हळहळायच्या तयारीने बसता. आता हा धुळीबद्दल रडेल, कोळिष्टकांबद्दल रडेल, असं तुम्हाला वाटतं. माझ्यावर धुळीचा एक कण शोधून दाखवा! रोज सकाळी मला मऊ ब्रशने झाडतात. माझ्या काचेला बोटांचे ठसे लागू नयेत म्हणून सुती हातमोजे आणले आहेत. या घराने मला तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि माझी तक्रार आहे ती नेमकी त्याचीच.

मी एक छोटा ॲम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरून सुई जो बारीकसा आवाज उचलते, तो मोठा करून स्पीकरच्या हवाली करायचा, हे माझं काम. माझ्या डोक्यावर काचेच्या चार नळ्या आहेत. जुन्या रेडिओत असत तशा. त्यांना व्हॉल्व्ह म्हणत. चालू केल्यावर त्या नारिंगी दिसू लागतात आणि चांगल्याच तापतात. स्वभावानेही मी तापटच आहे, तेव्हा बोलताना आवाज चढला तर सांभाळून घ्या.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला दुकानाच्या मागच्या खोलीत बनवलं. ट्रान्सफॉर्मरची तार त्याने स्वतः गुंडाळली. वेढे मोजताना चुकला की स्वतःलाच एक शिवी हासडायचा आणि सगळी तार उलगडून पुन्हा बसायचा. त्याचा एक हट्ट होता. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, त्याच्याच खोलीत वाजवून दाखवल्याशिवाय तो काही विकत नसे. खोली बदलली की आवाज बदलतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. त्याच हट्टापायी एका सकाळी मी आणि माझा थोरला भाऊ, दोघे त्याच्या गाडीतून डॉक्टरांच्या घरी गेलो.

डॉक्टर दातांचे. दिवसभर लोकांचे जबडे उघडून बसायचं आणि त्यांचं कण्हणं ऐकायचं. "आई गं, आई गं ऐकून कान किटलेत माझे," ते म्हणायचे. "घरी आल्यावर तरी काहीतरी चांगलं कानावर पडू दे." मागणं चुकीचं नव्हतं. ॲम्प्लिफायर निवडायला त्यांनी घेतला तेवढा वेळ लोक सोयरीक जुळवायलाही घेत नाहीत. माहितीपत्रकं वाचून झाली, ओळखीच्यांची डोकी खाऊन झाली, आणि शेवटी आम्ही दोघे समोर आलो. भाऊ माझ्या तिप्पट रुंद, पुढे काट्यांच्या दोन तबकड्या, नुसतं बघूनच छाती दडपावी असा. मी आपला पावाच्या लादीएवढा.

गाणं ऐकण्यासाठी जी खोली ठरली होती, ती डॉक्टरांच्या आईची होती. रस्त्यापासून आत, चौकोनी, मोठ्या खिडकीची. कोपऱ्यात तिची खाट, खाटेवर जाडजूड गादी, शेजारी औषधांचं टेबल. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे तिचा दिवस त्या खाटेवर आणि त्या खिडकीत जाई. समोरच्या इमारतीतलं कोण कुणाशी भांडलं, कुणाची कपडे वाळत घालायची दोरी तुटली, हे सगळं तिला तोंडपाठ असायचं. आणि संध्याकाळी सून कामावरून आली की तिला ते तिखटमीठ लावून सांगायचं, हेच तिचं सुख.

कारागिराने आधी भावाला वाजवलं. खोली दणाणली. डॉक्टरांचे डोळे चमकले. कारागीर म्हणाला, "याला रुंद टेबल लागेल. खाट हलवावी लागेल."

मग माझी पाळी आली. एका बाईचं संथ गाणं होतं. ते संपायच्या आत म्हातारी खाटेवरून बोलली, "हाच घे रे बाळा! किती गोड वाजतोय! तो मोठा नुसता अंगावर येतो."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

"कळत नाही मेलं, पण कान आहेत ना मला? आणि हा माझ्या औषधांच्या टेबलावरसुद्धा मावेल. कुणाला काही हलवायला नको."

मित्रांनो, म्हातारी लबाड होती हो! तिला माझ्या आवाजाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. तिला खाट वाचवायची होती, खिडकी वाचवायची होती. मला ते कळलं, कारागिरालाही कळलं, आणि तो मिशीत हसला. पण डॉक्टरांनी पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि काय आश्चर्य, त्यांनाही मीच आवडलो. भाऊ गाडीत परत गेला. म्हातारीने सुनेला जवळ ओढून सांगितलं, "बघ, कसा पटवला!"

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. मी औषधांच्या टेबलावर, बाटल्या माझ्या आडोशाला. डॉक्टर खुर्चीत, म्हातारी खाटेवर. गाणं नाही आवडलं की ती खुशाल घोरायची. माझ्या उबेला ती हात धरायची आणि म्हणायची, "गुणी आहे हो बाळ." मला अशी हाक कुणी मारली नव्हती. मला ती आवडायची, हे स्पष्टच सांगतो.

पण गाण्याच्या मधे ती खोकायची. औषधाची बाटली उघडायची, चमचा वाजायचा. रविवारी डॉक्टरांचे मित्र वकीलसाहेब ऐकायला यायचे. जिवणी आवळून, डोळे मिटून बसायचे, आणि म्हातारी खोकली की एक डोळा उघडायचे. तो उघडलेला डोळा डॉक्टरांना जिव्हारी लागायचा. दोन-चार रविवार त्यांनी सोसलं. मग एक दिवस म्हातारीची उचलबांगडी झाली. खाट, गादी, बाटल्या, सगळं बाहेर. न्हाणीघरासमोरच्या पॅसेजमध्ये एक घडीची खाट उघडली, वर पातळ सतरंजी टाकली. "तुला बाथरूमही जवळ पडेल," डॉक्टर म्हणाले. किती काळजी!

सून म्हणाली, "अहो, तिथे खिडकी नाही. दिवसभर काय बघायचं त्यांनी?"

"रेडिओ ऐकेल की."

मी ज्या टेबलावर होतो, त्याच्यावरून म्हातारीने फक्त आपला चष्मा उचलला.

आता खरी गंमत ऐका. खाट गेली आणि माझा आवाज बिघडला. रिकाम्या कोपऱ्यात खर्ज घुमायला लागला, ढोलीत कुणी बोलावं तसा. डॉक्टर हैराण. कारागिराला बोलावलं. त्याने टाळ्या वाजवून पाहिल्या आणि विचारलं, "इथे ती गादी होती ना? ती सगळा घुमारा पिऊन टाकत होती. ती परत आणा."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी परत आणली. गादी. फक्त गादी. कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी केली, दोरीने बांधली, आणि तिच्यावर छानसं कापड ओढलं. खर्ज लगेच ठिकाणावर आला. आई बाहेर सतरंजीवर, आणि आईची गादी आत माझ्या सेवेला. कारागीर दारातून बाहेर पडताना पॅसेजमध्ये थबकला, म्हातारीकडे बघितलं, आणि पुन्हा कधी त्या घरी आला नाही.

पुढे दाराला आतून जाड कापड ठोकलं, फटीत रबर बसवलं. तरी म्हातारीची हाक बारीकशी आत यायचीच. पाणी हवं, आधार हवा, कधी नुसतीच. मग डॉक्टरांनी तिला नियम घालून दिला. "गाणं चालू असताना हाक मारू नकोस. दोन गाण्यांच्या मधे गॅप असतो. तेव्हा मार. मी येतो." आणि म्हातारी नियम पाळायला लागली. भिंतीला कान लावून ती गाणं संपायची वाट बघायची. गाणं संपलं की घाईघाईने हाक. तेवढ्यात पुढचं सुरू झालं, तर ते संपेपर्यंत पुन्हा गप्प. दोन-तीन गॅप गेल्यावर डॉक्टर कधी उठायचे, कधी नाही.

त्या रविवारी दुपारी सुनेची कामाची पाळी होती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेला सुट्टी नसते. वकीलसाहेब आलेले. रेकॉर्ड नवी कोरी, डॉक्टरांनीही पहिल्यांदाच लावलेली. आमच्या नळ्या फार हळव्या असतात. जमिनीला जरा हादरा बसला की आत किणकिणतात. गाणं ऐन रंगात आलेलं असताना मला तसा हादरा बसला. पॅसेजच्या बाजूने. धप्प.

वकीलसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! काय ठोका आहे!"

"गादीची कृपा," डॉक्टर म्हणाले.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मला जे दिलं जातं तेच मी मोठ्याने सांगतो, माझं स्वतःचं काही सांगता येत नाही. गाणं चालूच राहिलं. चांगलं लांबलचक गाणं होतं. आणि बाहेर ती पडल्या जागी, मोडलेल्या खुब्याने, ते संपायची वाट बघत होती. कारण नियम तसा होता. गाणं संपलं. सुई गॅपमध्ये शिरली आणि अगदी बारीक, लांबून आल्यासारखा आवाज आला, "आई गं..."

वकीलसाहेबांचे डोळे खाडकन उघडले. "ऐकलंत? मागे कुणीतरी बाई बोलली! गायिकाच असणार, गाणं संपल्यावर दमून बोलली असेल. काय बारीक ऐकवतो हो हा तुमचा! माझ्या सेटवर हे कधीच आलं नसतं."

डॉक्टरांचा हात माझ्या बटणावर होता. त्यांनी ओळखलं होतं. जन्मभर ऐकलेला आवाज ओळखायला ॲम्प्लिफायर लागत नाही. पण समोर वकीलसाहेब भारावून बसले होते. आता कुठे सांगायचं, की ती माझी आई आहे आणि पॅसेजमध्ये झोपते?

"हो," डॉक्टर म्हणाले. "हा सगळं बाहेर काढतो."

"परत लावा ना तेवढं!"

सुई मागे नेली. गॅप आला. काही नाही. पुन्हा नेली. काही नाही. वकीलसाहेब हिरमुसले. "मघाशी तर स्पष्ट आलं होतं."

"नळ्या जास्त तापल्यात," डॉक्टर म्हणाले. "थंड होऊ द्या. मग येईल."

त्यांनी मला बंद केलं, आणि ते दोघे मी थंड होण्याची वाट बघत बसले. खोलीत अगदी सामसूम. डॉक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, ऊठ. अरे, ऊठ! ते उठले नाहीत. बाहेरून पुन्हा काही आलं नाही, म्हणून त्यांना वाटलं असेल की भागलं तिचं.

मग बाहेरच्या दाराला किल्ली लागली आणि सून किंचाळली. ती किंकाळी कापड आणि रबर भेदून आत आली. तिने कुठल्या गॅपची वाट पाहिली नाही.

म्हातारी इस्पितळातून परत आली नाही. भेटायला आलेल्यांना डॉक्टर सांगत होते, "मला ऐकूच आलं नाही. दार बंद होतं." वकीलसाहेब तिथेच बसलेले होते. त्यांनी मान वर केली, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि उठून गेले. त्यानंतर ते गाणं ऐकायला आले नाहीत. सुनेने एकदा खोलीत येऊन विचारलं, "गादी काढू का आता?" डॉक्टर म्हणाले, "राहू दे. घुमेल." आता ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलते.

आणि डॉक्टर? ते रोज तीच रेकॉर्ड लावतात. गाणं ऐकत नाहीत. सुई नेमकी गॅपवर ठेवतात, मला पूर्ण चढवतात आणि कान स्पीकरला लावतात. खरखर येते. नळ्या बदलून झाल्या, सुई बदलून झाली. हातमोजे घालून ते माझा एकेक सांधा पुसतात, पुन्हा लावतात, पुन्हा खरखर. काल ते मला म्हणाले, "दे ना रे, एकदाच." मी काय देणार? ती रेकॉर्डमध्ये नव्हती. ती दाराबाहेर होती, चार पावलांवर, आणि गप्प राहायला तिला यांनीच शिकवलं होतं. मला त्यांची कीव येत नाही. खरंच येत नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं सांगून आमच्यासारखे निरोप घेतात. मी ते सांगणार नाही. माझी नळी फुटली तर बाजारात दुसरी मिळते. तुमच्या घरात गाणं चालू असताना कुणी हाक मारली, तर सुई उचला आणि उठा. गाण्याच्या मधेच उठा.